घरी परत कशी येणार?

वाचकहो, या स्तंभात आपण पंक्चर झालेलं चाक बदलण्यापासून पावसाळ्यातल्या वायपरपर्यंत पुष्कळ गोष्टी बोललो. शहाणपण सांगणं सोपं असतं. आज मी माझी फजिती सांगणार आहे. ती वाचून तुमच्यापैकी एकाने जरी उद्या गाडीचं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावून पाहिलं, तरी ती कारणी लागली असं समजेन.

माझ्या ४५व्या वाढदिवसाला मुलाने हातात एक पाकीट ठेवलं. आत साडीच्या दुकानाचं कूपन असेल असं मला वाटलं. निघाली ‘ट्रॅक डे’ची पावती. इंटर्नशिपच्या पहिल्या पैशांतून त्याने माझ्यासाठी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक दिवस नोंदवला होता.

“आई, तू नेहमी म्हणतेस ना, एकदा तरी गाडी मनसोक्त चालवायची आहे? जबलपूरच्या रस्त्यांवर ते होणार नाही.”

मी गाडी शिकले तीच मुळी ३८व्या वर्षी. गोरखपूर बाजारातल्या गर्दीत, हातगाड्या, रिक्षा आणि मधोमध बसलेल्या गाई चुकवत. तिसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ क्वचितच यायची. तेव्हा ती पावती पाहून माझे डोळे भरून आले, आणि पोटात गोळाही आला.

ट्रॅक डे म्हणजे काय?

नाव ऐकून शर्यत वाटते, पण ती शर्यत नसते. ट्रॅक एका दिवसासाठी तुमच्या-आमच्यासारख्यांना खुला करतात. आपली रोजची गाडी, डोक्यावर हेल्मेट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बंद बूट. आधी प्रशिक्षक नियम समजावतात. मग गट पाडून प्रत्येकाला साधारण १५ ते २० मिनिटांची सत्रं मिळतात. पहिलं कोण आलं हे कोणी मोजत नाही, बक्षीसही नसतं. समोरून वाहन येत नाही, मध्येच कोणी रस्ता ओलांडत नाही. गाडी काय करू शकते आणि आपण काय करू शकतो, एवढंच पाहायचं.

बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर लांबीचं, १६ वळणांचं. फॉर्म्युला वनची भारतातली शर्यत इथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं झाली. २०११मध्ये पहिल्याच सरावाच्या वेळी एक भटका कुत्रा ट्रॅकवर फिरायला आला आणि जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांना थांबावं लागलं. मुलाने हे सांगितल्यावर माझी भीती जरा कमी झाली. कुत्रं मध्ये येतं म्हणजे जागा आपल्यातलीच आहे!

माझे बाबा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झाले. १९६९मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात सैन्यासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा तयार व्हायच्या. जोंगा हे नावसुद्धा आमच्या गावाचं आहे, ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ याची इंग्रजी आद्याक्षरं. बाबांनी आयुष्यभर अशा गाड्यांवर काम केलं, ज्या बिघडल्या तर जवळपास गॅरेज नसतं. त्यामुळे ट्रॅकची बातमी ऐकून त्यांनी कौतुक केलं नाही, की विरोधही केला नाही. एकच विचारलं.

“ब्रेक ऑइल कधी बदललंस?”

“मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग झालंय, बाबा.”

हे खरं होतं, पण अर्धं. सर्व्हिसिंगच्या यादीत ब्रेक ऑइलची ओळ होती. बिल वाढतंय म्हणून ती खोडायला मीच सांगितलं होतं. ब्रेक तर उत्तम लागत होते. गाडी सहा वर्षांची, आणि ते ऑइल एकदाही बदललेलं नव्हतं.

पाच फेऱ्यांचा आनंद

फेब्रुवारीत आम्ही दोघं निघालो. दमोह, सागर, ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा आणि मग यमुना एक्सप्रेसवे. सुमारे ८०० किलोमीटर, वाटेत एक मुक्काम. गाडीने कुठेही कुरकुर केली नाही.

पहिलं सत्र ओळख करून घेण्यात गेलं. दुसऱ्या सत्रात मात्र मी खुलले. आयोजकांची परवानगी होती म्हणून मुलगा हेल्मेट घालून शेजारच्या सीटवर बसला होता. तिसरं वळण संपलं की एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता लागतो. तो आधी खाली उतरतो आणि मग वर चढतो. आमच्या साध्या हॅचबॅकचा काटा तिथे १४०वर गेला. रस्ता संपताना करकचून ब्रेक, दोन गिअर खाली, उजवीकडे वळण. पहिल्या फेरीत हात थरथरत होते. चौथ्या फेरीत मी हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते. मुलगा हसत होता, निदान मला तसं वाटलं.

पाचव्या फेरीत एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा थोडं जास्त आत गेलं. मला ते जाणवलं. पण इतकी मजा चालली होती की मी स्वतःलाच सांगितलं, “भास असेल.”

सहाव्या फेरीत त्याच लांब रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. ओल्या स्पंजवर पडावा तसा. गाडी हलकीशी मंदावली आणि पुढे धावतच राहिली.

त्या तीन-चार सेकंदांत सकाळच्या प्रशिक्षकांचं बोलणं आठवलं, हे माझं नशीब. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला. पेडल सोडून भराभर तीन-चार वेळा दाबलं. तिसऱ्या वेळी थोडा जीव आल्यासारखं वाटलं. गिअर एकेक करत खाली आणले. आणि वळायचा हट्ट सोडून स्टिअरिंग सरळ धरलं. वळणाच्या पुढे मोकळी जागा असते ती यासाठीच. गाडी त्या मोकळ्या जागेत जाऊन हळूहळू थांबली. मी चारही इंडिकेटर लावले.

मुलाने माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मागून येणाऱ्यांसाठी पिवळा झेंडा हलत होता.

नेमकं काय झालं होतं?

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करून टाकणारं यंत्र. सुमारे १,००० किलोची गाडी १४०च्या वेगावरून ६०वर आणायची, तर जितकी ऊर्जा काढून घ्यावी लागते तितक्यात जवळपास २ लिटर पाण्याला आधण येईल. त्यातला बराचसा भार ब्रेकवर पडतो. बाजारात आपण ४०वरून थांबतो तेव्हा हे काम त्याच्या एक दशांशच असतं. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत अशी अनेक आधणं ठेवली जातात आणि मध्ये गार व्हायला उसंत नसते.

आपण पेडल दाबतो तो जोर चाकापर्यंत ब्रेक ऑइल पोचवतं. त्याला ऑइल म्हणत असलो तरी बहुतेक गाड्यांत ते तेल नसतं. तो एक वेगळा द्रव असतो आणि त्याला पाणी ओढून घ्यायची खोड असते. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ना, तसं ते वर्षानुवर्षं हवेतला दमटपणा शोषत राहतं. ‘डॉट ४’ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. ‘डॉट ३’साठी हेच आकडे २०५ आणि १४०.

ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, म्हणून जोर पुढे जातो. वाफ दबते, म्हणून आपला जोर तिला दाबण्यातच संपतो आणि पेडल खाली जातं. भराभर दाबल्याने थोडा दाब पुन्हा तयार होतो, पण ती तात्पुरती मलमपट्टी आहे.

आणखी एक प्रकार असतो. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. तेव्हा बहुतेक वेळा ब्रेक पॅड तापून त्यांची पकड सुटलेली असते. पेडल मऊ की घट्ट, एवढं लक्षात ठेवलंत तरी मिस्त्रीला अर्धं निदान तुम्हीच सांगाल.

तिसऱ्या सत्राचा मोह

अगदी हळू चालवत आम्ही पिटपर्यंत आलो. चाकांजवळ जळका वास येत होता. सवयीने माझा हात हँडब्रेककडे गेला, तेवढ्यात एक मदतनीस ओरडलेच, “नको, नको!” तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड डिस्कला चिकटू शकतात, उष्णताही एका जागी कोंडते. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावला. पाणी ओतून गार करायची घाईही करायची नाही. तापलेला लोखंडी तवा नळाखाली धरला तर वाकतो, तीच गत डिस्कची.

तासाभराने ब्रेक गार झाले. मी पेडल दाबून पाहिलं, तर ते घट्ट! जणू काही झालंच नव्हतं. आणि इथेच खरी परीक्षा सुरू झाली.

दुपारचं तिसरं सत्र बाकी होतं. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “जरा हळू चालवा, काही होत नाही.” माझ्या डोळ्यांसमोर मुलाची ती पावती होती. पहिल्या कमाईचं बक्षीस अर्धं टाकून कसं द्यायचं? आणि खरं सांगू, मलाही जायचं होतं. खूप जायचं होतं. चौथ्या फेरीसारखी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

मी बाबांना फोन लावला. होकार मिळावा म्हणूनच लावला होता. सगळं सांगितलं. बिलातली ती खोडलेली ओळसुद्धा. रागावतील असं वाटलं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“घरी परत कशी येणार?”

“याच गाडीने.”

“मग आता मला काय विचारतेस?”

मग त्यांनी शांतपणे समजावलं. गार झाल्यावर वाफ विरते, म्हणून पेडल पुन्हा घट्ट लागतं. पण मुरलेलं पाणी कुठे गेलं? ते आतच आहे. पुन्हा तापलं की पुन्हा उकळणार, आणि पुढच्या वेळी मोकळी जागा समोर असेलच असं नाही.

मी आयोजकांकडे जाऊन सांगितलं, माझं आज इथेच संपलं. कोणी हसलं नाही. उलट त्यांनी उद्या कुठल्या गॅरेजमध्ये जायचं ते सांगितलं. याच ट्रॅकवर २०११च्या शर्यतीत फेरारीच्या फेलिपे मासाची गाडी कर्बवर गेली, सस्पेन्शन मोडलं आणि त्याला शर्यत सोडून द्यावी लागली. इतकी मोठी फौज पाठीशी असलेली माणसंही थांबतात. मोटारशर्यतीत तर यासाठी एक खास झेंडा आहे, काळा आणि मध्ये केशरी गोल. त्याचा अर्थ, तुझ्या गाडीत बिघाड आहे, आत ये.

तिसरं सत्र आम्ही कठड्याजवळ उभं राहून, चहा पीत पाहिलं. मी मुलाला म्हटलं, “तुझे पैसे वाया गेले रे.”

तो म्हणाला, “आई, पाचव्या फेरीत मला वाटलं होतं की ब्रेक उशिरा लागतोय. पण तू इतकी खूश होतीस, की बोलवलं नाही.”

मी चमकले. मला जाणवलं होतं, त्यालाही जाणवलं होतं. दोघंही एकमेकांच्या आनंदाला धक्का नको म्हणून गप्प बसलो, आणि १४०च्या वेगाने पुढे गेलो. ब्रेक ऑइलपेक्षा हे मला जास्त लागलं. तुमच्या घरातही असं होतं का? गाडी चालवणारा दमलेला दिसतो, डोळे मिटायला लागलेले असतात, पण शेजारचा म्हणतो, कशाला बोला, त्याला राग येईल. त्या दिवशी आम्ही एक नियम केला. गाडीत बसलेल्या कोणीही “थांब” म्हटलं की आधी थांबायचं, मग कारण विचारायचं. म्हणणारा आठ वर्षांचा असो की ऐंशीचा.

ट्रॅकवर जाणार असाल तर

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर जाण्याआधी बदलाच. डबीवर लिहिलेला प्रकारच वापरा. ब्रेक पॅडची जाडी, टायर, चाकांचे नट, इंजिन ऑइल आणि कूलंट तपासून घ्या. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका.

गाडी रिकामी करा. पाण्याची बाटली, छत्री, सुटी पायपुसणी, देवाची छोटी मूर्ती, सगळं बाहेर. वळणावर घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली, तर उत्तम ब्रेकही निकामी.

गाडी ओढण्याचा हूक बहुतेक गाड्यांत डिकीतल्या हत्यारांसोबत असतो. तो कुठे आहे आणि बंपरमध्ये कुठे बसतो, हे घरीच पाहून ठेवा.

चार-पाच जोरकस फेऱ्यांनंतर एक फेरी हळू चालवा, शेवटची फेरी तर नक्कीच. ब्रेक कमीत कमी वापरून गाडीला वारा खाऊ द्या. परत निघण्याआधी टायर गार झाल्यावर हवा पुन्हा तपासा.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचण्यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवरच्या नुकसानीचा खर्च बहुधा आपल्याच खिशातून जाणार, हे धरून चला.

आणि परतीच्या प्रवासाचा विचार आधी करा. त्याच गाडीने शेकडो किलोमीटर घरी यायचं असेल, तर तिला संध्याकाळपर्यंत धडधाकट ठेवणं हेच त्या दिवसाचं पहिलं काम.

ट्रॅकवर कधीच जाणार नसाल तर

तरीही हे तुमच्यासाठी आहे. पचमढीहून पिपरियाकडे उतरताना, बोरघाटात, आंबोलीत किंवा ताम्हिणीत, भरलेली गाडी सतत ब्रेकवर पाय ठेवून खाली आणली तर आतमध्ये हेच घडतं. फक्त तिथे मोकळी जागा नसते, दरी असते. जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक थोडा वेळ नीट दाबा आणि सोडा, नुसता टेकवून ठेवू नका. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरू नका. पेट्रोल वाचवायच्या नादात तुम्ही इंजिनचा आधार काढून घेता आणि सगळा भार ब्रेकवर टाकता.

पेडल मऊ लागलंच, तर भराभर दाबा, गिअर खाली आणा, इंडिकेटर लावा. हँडब्रेक झटका न देता हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. वास येत असेल तर अर्धा तास थांबा, चहा प्या, मुलांना माकडं दाखवा. आणि घाट उतरल्यावर “आता ठीक आहे” म्हणून विसरू नका. पेडल घट्ट लागलं म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी सावकाश, मोठं अंतर ठेवून, आम्ही जवळचं गॅरेज गाठलं. मिस्त्रीने जुनं ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत काढलं आणि बाटली माझ्यासमोर धरली. “दीदी, ये तो चाय बन गई है।” खरंच, कोऱ्या चहाचा रंग होता. नवीन ऑइल मधासारखं स्वच्छ, फिकट. चारही चाकांची हवा काढून झाली, पॅड तपासले. मी ऑइलवर वाचवलेले पैसे त्या दोन दिवसांच्या खर्चासमोर हसण्याजोगे होते.

जबलपूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. फाटकाशी बाबा उभे होते. मी गाडीतून उतरले. ते काही न बोलता पुढच्या चाकापाशी गुडघ्यांवर हात टेकून वाकले. डिस्क पाहिली, मग दुसऱ्या बाजूची पाहिली. आत बसून पेडल दोनदा दाबून पाहिलं.

मग बाहेर येऊन माझ्याकडे पाहत म्हणाले, “चल, जेवायला बसू.”